दाबून म्हणजे काय

माझ्या नवऱ्याने पोलिसांना दिलेला जबाब फार मोठा नाही. त्यातलं एकच वाक्य आमच्या मुळावर आलं. "मी माझी मोटारसायकल दाबून चालवत होतो, एवढ्यात समोरून डंपर आला." खाली त्याची सही आहे. उजवा हात बांधलेला होता म्हणून डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या मुलाने गिरवावी तशी. त्या कागदाची झेरॉक्स मी इतक्या वेळा वाचली आहे, की आता ती सही बघून रडू येत नाही, संताप येतो.

जबाब घेतला तेव्हा मी तिथे नव्हते. मी कर्जतच्या एका शाळेत मराठी शिकवते. नववीच्या वर्गावर समास चालले होते. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच मी हातातला खडू खाली ठेवला. खोपोलीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा हवालदार कागदाची घडी घालत जिना उतरत होता. "शुद्धीवर आहेत, बाई. व्यवस्थित बोलले," तो म्हणाला. त्या क्षणी मला तो देवमाणूस वाटला.

नवरा खरंच शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "आधी आईला बघ." त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडीवर त्याच्या मागे बसल्या होत्या. त्यांचे डोळे दाखवायला दोघं कडावहून खोपोलीच्या शिळफाट्याला निघाले होते. त्यांचा हात मोडला होता, बाकी खरचटण्यावर निभावलं होतं. मी त्यांना बघून आले, याच्या उशाशी बसले, आणि चिडलेसुद्धा, की रिक्षाने जायला काय झालं होतं. तो हसला. पोटात आतून मार आहे हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी त्याला पनवेलला हलवलं. तिथून तो परत आला नाही.

घरात आम्ही दोघी उरलो. आम्हाला मूलबाळ नाही. एक घाटावरची सून आणि एक कडावची सासू, आणि दोघींच्या मध्ये जो माणूस दुभाष्याचं काम करायचा तोच गेला.

दुभाष्याचं म्हणते ते उगीच नाही. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे दाबून म्हणजे भरपूर, जोरात. दाबून जेवायचं, दाबून झोपायचं, गाडी दाबून हाणायची. लग्नानंतर पहिल्यांदा याच्या मागे गाडीवर बसले तेव्हा हा मान वळवून म्हणाला, "घाबरू नको, मी दाबूनच चालवतो." मी डोळे मिटून घेतले आणि त्याचा शर्ट मुठीत धरला. थोड्या वेळाने डोळे उघडले तर एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून चालला होता. हा आपला रस्त्याच्या कडेकडेने, नवरदेवाच्या वरातीसारखा. इकडच्या भातशेतीच्या पट्ट्यात दाबून म्हणजे कडेने. गाडी दाब म्हणजे डावीकडे घे, समोरच्याला वाट दे. हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढे कितीतरी दिवस मी त्याची त्यावरून टर उडवली.

हवालदारही माझ्यासारखा घाटावरचाच, बदली होऊन इकडे आलेला असावा. त्याने ऐकलं तसं लिहिलं. त्याला धड शिव्याही देता येत नाहीत, हे त्यातलं आणखी एक दुःख.

अपघात कसा झाला ते सासूबाईंनी सांगितलं. पळसदरीच्या पुढे वळणावर समोरून खडीचा डंपर एका रिक्षाला ओव्हरटेक करत आला, तो थेट यांच्या बाजूला. रस्ता नवीन काँक्रीटचा. कडेची साईडपट्टी भरलेलीच नव्हती, काँक्रीट संपतं तिथे वीतभर खाली उतार. याने गाडी कडेला घेतली, चाक खाली उतरलं, गाडी कलंडली. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, त्या डावीकडे गवतात पडल्या. हा गाडी सावरता सावरता उजवीकडे पडला, आणि उजवीकडे डंपर होता.

यात वाद कसला, असं मला वाटायचं. डंपर आमच्या बाजूला आला, संपलं. पण आम्ही भरपाईचा दावा लावला आणि डंपरच्या विमा कंपनीचं उत्तर आलं, त्यात तो शब्द ठळक करून छापला होता. मयत इसम स्वतःच्या कबुलीप्रमाणे गाडी दाबून, म्हणजे भरधाव चालवत होता. वेगामुळेच कडेला ताबा सुटला. सबब अपघाताची निम्मी जबाबदारी मयताची. वकिली भाषेत याला काहीतरी लांबलचक नाव आहे. साधा अर्थ, चूक दोघांची.

निम्मी चूक. मी तो कागद घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मला कळलं नाही. माणूस मेला तो पूर्ण मेला. चूक मात्र निम्मी निम्मी वाटून घ्यायची, जेवायच्या पंगतीत लाडू वाटतात तशी! ज्याने आयुष्यात कधी कुणाला कट मारला नाही, ज्याच्या मागे बसून मला उशीर होतो म्हणून मी भांडायची, त्याला मेल्यावर भरधाव म्हणायचं? आमचे वकील खोपोलीचेच, वयस्कर, पान खाणारे. ते शांतपणे म्हणाले, "बाई, चिडून उपयोग नाही. शब्दाचा अर्थ सिद्ध करावा लागेल."

शब्दाचा अर्थ सिद्ध करणं हे माझं रोजचं काम, मला वाटलं चुटकीसरशी होईल. शाळेच्या ग्रंथालयातले सगळे शब्दकोश मी पालथे घातले. दाबणे म्हणजे चेपणे, दडपणे, लपवणे, भार देणे. एका जाडजूड कोशात तर या एका शब्दाला अख्खा स्तंभ दिला होता. पण रस्त्याच्या कडेला गाडी घेणे कुठेच नाही. कोश करणारा कुणी कधी कडावला येऊन गाडीवर बसलाच नव्हता. मी ते पुस्तक इतक्या जोरात मिटलं की ग्रंथपाल बाई दचकल्या.

मग मी कर्जतच्या रिक्षा स्टँडवर गेले. विचारलं, "दादा, गाडी दाबून चालवणं म्हणजे काय हो?"

"म्हंजे? साईडनं," एक जण म्हणाला. "असं काय इचारता, मॅडम?"

"दाबून म्हंजे दाबून," दुसरा म्हणाला. "कडंला धरून. आजून काय आसनार?"

मला तिथेच फुटपाथवर बसून रडावंसं वाटलं, इतका आनंद झाला. मी म्हटलं, एवढंच कोर्टात येऊन सांगायचं. एकाएकी कुणाला मीटरकडे बघायचं सुचलं, कुणाला गिऱ्हाईक दिसलं. शेवटी ज्याने पहिलं उत्तर दिलं होतं तोच खाली बघत म्हणाला, "मॅडम, डंपरवाल्यांच्या वाकड्यात कोन शिरनार? आमाला रोज त्याच रोडनं जायचं हाय." मला त्याचा राग आला, पण त्याचं खोटं होतं असंही नाही. आमच्या शेजारचा एक दूधवाला मात्र छातीठोकपणे हो म्हणाला. तारखेच्या दिवशी सकाळी त्याच्या घराला कुलूप होतं. मी कुलपाशी उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले, आणि मग एकटीच एसटी पकडली.

पनवेलच्या कोर्टात आधी माझी साक्ष झाली. कंपनीचे वकील तरुण होते, सभ्य, आवाज न चढवता बोलणारे. मला तेच जास्त लागलं. समोरचा वसकन अंगावर आला असता तर मीही आले असते.

"आपण मराठीच्या शिक्षिका आहात?"

"हो."

"आपलं माहेर?"

"सातारा जिल्हा."

"मग माहेरी तुमच्याकडे गाडी दाबून चालवली, असं म्हटलं तर काय अर्थ होतो?"

"जोरात. पण इथे..."

"पण नको, बाई. फक्त विचारलं त्याचं उत्तर द्या. प्रमाण मराठीत काय होतो?"

मी म्हटलं, "शब्दाला एकच अर्थ असता तर मला शाळेत नोकरीच लागली नसती." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशही किंचित हसले, पण शेजारी टंकलेखकाला त्यांनी सांगितलं ते असं, "साक्षीदाराच्या माहेरच्या भाषेत दाबून म्हणजे जोरात. साक्षीदार स्वतःहून सांगते, की कर्जत भागात त्याचा अर्थ कडेने असा होतो." स्वतःहून सांगते! म्हणजे विचारलं नसताना, आपल्या सोयीसाठी सांगते. माझ्या नवऱ्याची बोली त्या दोन शब्दांच्या मागे चोरासारखी उभी राहिली. माझ्याच तोंडून त्यांनी त्याला भरधाव करून टाकलं आणि मी काही करू शकले नाही.

आता सगळा भार सासूबाईंवर होता. डोळ्यांनी बघणारं माणूस तेवढंच. वकिलांनी त्यांना समोर बसवून बजावलं, "आजी, तो शब्द काढायचा नाही. पोरगा रस्त्याच्या डाव्या कडेने, सावकाश चालवत होता, एवढंच म्हणायचं."

"आवो, तेच तर दाबून," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणायचं नाही."

मग आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. ओटीवर आम्ही दोघी कडवे वाल सोलत बसायचो आणि मी मध्येच विचारायची, "आई, कसा चालवत होता?" त्या लगेच, "दा..." करून जीभ चावायच्या आणि म्हणायच्या, "डाव्या कडेनं, सावकाश." कधी कधी आम्हाला हसू फुटायचं. हसता हसता एकदम थांबायचो आणि पुन्हा वाल सोलू लागायचो. पण त्यांचं पाठ झालं. शाळेतल्या पोरांचं होत नाही इतकं पक्कं झालं. जायच्या दिवशी त्यांनी धुवट नऊवारी नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि वाटेत एसटीत दोनदा मला म्हणून दाखवलं.

पिंजऱ्यात उभ्या राहून त्या सुरुवातीला अगदी नीट बोलल्या. डाव्या कडेनं, सावकाश. माझ्या जिवात जीव आला. आमचे वकील खाली बसले आणि ते तरुण वकील उठले.

"आजी, डॉक्टरांची वेळ चुकत होती म्हणून घाई होती ना?"

"नाय. घाई कसली? टाईम व्हता."

"कडेला एवढा उतार आहे, हे मुलाला दिसलं नाही? म्हणजे लक्ष नव्हतं."

"लक्ष व्हतं."

"मी सांगतो, आजी, तुमचा मुलगा बेफिकीरपणे गाडी चालवत होता."

मला दिसलं, त्यांच्या डोक्यावरचा पदर सरकला आणि त्यांनी तो सावरला नाही. "कोन? माझा पोरगा?" त्या म्हणाल्या. आवाज सबंध खोलीत घुमला. "आरं बाबा, तू वळखतोस त्याला? सगल्या कडावात जाऊन इचार. त्याच्यासारखा दाबून चालवनारा दुसरा दाखव मला! जल्मात त्यानं गाडी दाबल्याबिगर चालवली नाय. त्या दिवशीबी दाबूनच चालला व्हता!"

तरुण वकील म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसले. न्यायाधीश टंकलेखकाला सांगू लागले. मी उभी राहिले, काय ओरडले ते मला आठवत नाही. शिपायाने हात धरून मला बसवलं. सासूबाई पिंजऱ्यातून उतरल्या त्या ताठ मानेने, लेकराची बाजू भरभक्कम मांडून आलेल्या आईसारख्या.

परतीच्या एसटीत त्या मला म्हणाल्या, "बरोबर बोलली ना गं मी?"

मी म्हटलं, "खिडकी लावून घ्या, धूळ येते."

घरी आल्यावर मात्र मी बोलले. बोलू नये ते सगळं बोलले. इतके दिवस शिकवलं ते काय चुलीत घातलंत का, तुम्हीच त्याला निम्मा गुन्हेगार करून आलात, त्या वकिलाला काही करायची गरजच उरली नाही. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी तर चांगलंच सांगत व्हती, बाय." मला तेही सहन होईना. त्यानंतर आमच्यात चहा ठेवला आहे, पाणी आलं, एवढंच बोलणं राहिलं. त्या कुठेतरी एकटक बघत बसायच्या. मला वाटायचं, माझ्या बोलण्याने रुसल्या आहेत. मला त्यांचा रुसवा काढायचा नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या डोळ्यांसमोर नको झाल्या होत्या.

काही महिने असेच तारखांत गेले. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा वकिलांचा संप, एकदा कंपनीची फाईलच आली नाही. प्रत्येक तारखेला शाळेत रजा टाकायची, पनवेलला जायचं, बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं. माझ्यातला भांडण्याचा जोर कधी संपला ते मला कळलंच नाही. वर्गात 'अपघात' हा शब्द असलेला धडा आला की मी तो मुलांना वाचायला देऊन खिडकीशी जाऊन उभी राहायची. झोप लागायची नाही, आणि लागली तर उठावंसं वाटायचं नाही. सकाळी वेणी घालताना आरशातल्या बाईची मला कीव यायची आणि रागही यायचा.

अशा वेळी आमचे वकील म्हणाले, "लोकअदालत आहे. कंपनी तडजोडीला तयार आहे. निम्मी चूक त्यांची, निम्मी आपली. लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. जबाबात शब्द आहे, आजींच्या तोंडी शब्द आहे. निकालापर्यंत गेलं तर उद्या निम्म्याऐवजी सगळी चूक त्याचीच ठरायची."

ते शेवटचं वाक्य मला पुरलं. मी म्हटलं, बरं. ज्या शब्दासाठी मी कोश पालथे घातले, कुलपाशी भांडले, म्हाताऱ्या बाईला घालूनपाडून बोलले, त्याला मी एका शब्दात हो म्हटलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "उद्या पनवेलला सही करायला यायचंय." आई म्हणून त्यांचीही सही लागणार होती. कशावर सही, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

लोकअदालतीला कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता, जत्रेसारखी गर्दी. आमचा नंबर लागला. टेबलापलीकडे न्यायाधीश, एका बाजूला आमचे वकील, दुसऱ्या बाजूला तेच तरुण वकील. आज तेही मोकळेपणाने हसत होते, मला म्हणाले, "बसा ना, बाई." कागद तयार होता. मी वाचला नाही. पेन उचलून सहीची जागा शोधत होते, तेवढ्यात न्यायाधीश सासूबाईंकडे वळले. माणूस चांगला होता. "आजी, काय ठरलंय ते तुम्हाला माहीत आहे ना? कुणाच्या दबावाने तर सही करत नाही?"

"काय ठरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"अपघातात निम्मी चूक डंपरची आणि निम्मी तुमच्या मुलाची, असं दोघांनी मान्य केलंय."

सासूबाई माझ्याकडे बघेनात. टेबलाच्या कडेला धरून त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, ती निम्मी माझ्या नावावर लिवा," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

"त्याची नाय चूक. माझी हाय. मी मागं बसली व्हती. मला डंपर दिसला, तशी मीच वरडली, दाब, दाब रं! माझं ऐकून त्यानं दाबली. म्हनून चाक उतरलं. माझं ऐकलं नसतं तर गेला असता निसटून. आजपतूर मी कुनाला सांगितलं नाय. निम्मी चूक कुनाच्यातरी नावावर लिवायचीच हाय, तर माझ्या लिवा. त्याच्या नको. तो काय आता सांगाया येनार नाय."

मी पेन हातात धरून तशीच बसले होते. ही बाई इतके महिने भिंतीला टेकून बसायची. माझ्या पुढ्यात जेवायची, माझ्या शेजारी झोपायची, माझ्या शिव्या ऐकायची. आणि मला वाटत होतं की ती रुसली आहे.

न्यायाधीश खूप मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तसं नाही लिहिता येत. चालवणाऱ्याचीच चूक धरतात. मागे बसलेल्याची नाही."

"का नाय? बोलली मी हाय."

मी आमच्या वकिलांना कुजबुजत म्हटलं, "हे तर आपल्या बाजूचं आहे. त्याने गाडी कडेला घेतली, हेच सिद्ध होतं यातून. परत साक्ष द्यायला लावा त्यांना." त्यांनी पान गालात सरकवलं आणि मान हलवली. "बाई, आजींनी काय म्हटलं म्हणालात? 'दाब, दाब.' तो शब्द पुन्हा कागदावर गेला की ते काय म्हणतील? आईनेच मुलाला गाडी पळवायला सांगितली."

मी समोर बघितलं. तरुण वकील खाली मान घालून आपल्या फाईलची नाडी सोडत आणि बांधत होते. त्यांना तो अर्थ सुचला असणारच. ते बोलले नाहीत, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन.

मी पेन खाली ठेवलं. "सही करायची नाही," मी म्हटलं. आमचे वकील चिडले. म्हणाले, "भावनेच्या भरात करू नका, पुढे सगळंच जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." हा शूरपणा नव्हता. सगळं जाईल ही भीती होतीच आणि ती अजून तशीच आहे. पण त्या बाईच्या देखत, तिने एवढं बोलल्यावर, निम्मी चूक त्याची म्हणून मला सही करवेना. न्यायाधीशांनी कागद बाजूला केला आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं.

मांडवाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सावली होती, तिथे मी त्यांना बसवलं. रस घेतला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. अपघातात मोडलेला हात कोपरात थोडा वाकडाच राहिला आहे, ग्लास सांडेल म्हणून मी खालून धरला.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "मी दाब बोलली नसती तर त्यानं दाबली असती का गं?"

वर्गात पोरं अवघड प्रश्न विचारतात तेव्हा मी म्हणते, उद्या बघून सांगते. इथे बघायला काही नव्हतं. मी तिथे नव्हते. त्या वळणावर त्याच्या मनात काय आलं, त्याने आईचं ऐकलं की आधीच हँडल वळवलं होतं, आईचा आवाज त्या डंपरच्या आवाजात त्याच्यापर्यंत पोचला तरी का, यातलं काहीही मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल याची मला धास्ती आहे, पण मला सगळ्यात अवघड गेला तो हा प्रश्न.

"असती," मी म्हटलं. "तुमच्या आधीच त्याने दाबली होती, आई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं, असं मला वाटतं. मग त्यांनी रसाचा एक घोट घेतला आणि ग्लास माझ्यापुढे केला. म्हणाल्या, "तूबी घे."